रात्री दोनला गल्लीतून जाणारी पोलिसांची गाडी नक्की करते काय?

रातकिडा (मंगळवार, पहाटे २:५०)

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका उपनगरात राहतो, भाग आणि पोलीस ठाणं मुद्दाम लिहीत नाहीये. कंपनीची अमेरिकेची शिफ्ट, घरूनच काम, त्यामुळे रात्रभर जागा असतो आणि दर तासाला पाय मोकळे करायला बाल्कनीत येतो. तर रोज दीड ते अडीचच्या मधे आमच्या रस्त्यावरून पोलिसांची बोलेरो जाते. टपावरचा लाल-निळा दिवा लुकलुकत असतो, सायरन बंद, आणि वेग एवढा की शेजारून सायकलवाला पुढे जाईल. मेडिकलच्या कोपऱ्यावर जाऊन थांबते, कधी पाच मिनिटं कधी पंधरा. मग एक जण उतरतो, आमच्या गेटच्या खांबावर क्यूआर कोडचं स्टिकर चिकटवलंय ते मोबाईलने स्कॅन करतो, वॉचमनकाकांना "काय काका, जागे ना?" अशी एक हाक, आणि गेली गाडी. परवाच्या पावसात स्टिकरवर पाणी साचलेलं, स्कॅन होईना, तर बिचारा टॉर्च दातात धरून एका हाताने स्टिकर पुसतोय आणि दुसऱ्या हाताने मोबाईल मागेपुढे करतोय असं चार-पाच मिनिटं चाललं होतं.

आता मुद्दा असा की गेल्या दोन महिन्यात आमच्या गल्लीतून दोन बाईकच्या बॅटऱ्या आणि एक आख्खी स्कूटर गेली. सीसीटीव्ही बघितला तर दोन्ही वेळा पोरं आली ती गाडी गेल्यावर, वीस-पंचवीस मिनिटांनी. एसटीचं टाईमटेबल पाठ असल्यासारखी. मग मला प्रश्न पडला की दिवे लावून वाजतगाजत फिरलं तर चोर सापडणार कसा? ते स्कॅन कुणासाठी करतात, आमच्यासाठी की साहेबांसाठी? आणि समजा मी ११२ लावला तर हीच गाडी येते का दुसरीच कुठली?

पोलिसांना शिव्या घालायला धागा काढलेला नाही, खरंच माहिती हवीय. कुणी त्या खात्यातलं असेल तर लिहा.

तिरकस_तात्या (मंगळवार, सकाळी ८:१५)

कोपऱ्यावर भुर्जीची गाडी लागते का बघा. उत्तर तिथेच आहे. 😄

रातकिडा (मंगळवार, सकाळी ८:४०)

लागते ना तात्या, पण ती अकराला बंद होते. आणि बंद कोण करायला लावतं, तर हीच बोलेरो. स्पीकरवरून नुसतं "चला, आवरा" एवढंच बोलतात आणि दोन मिनिटात गॅस बंद, टेबलं उलटी.

बिनतारी (मंगळवार, दुपारी १:२०)

राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं, पासवर्ड पण विसरलो होतो. माझी उभी हयात पोलीस खात्याच्या बिनतारी विभागात गेली, त्यातली बरीच वर्षं कंट्रोल रूमला. आता निवृत्त आहे त्यामुळे जरा मोकळेपणाने लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, ती गाडी चोर पकडायला निघालेलीच नसते. चोर पकडायला डीबीची (ठाण्याच्या गुन्हे शोध पथकाची) माणसं असतात, साध्या कपड्यात, साध्या बाईकवर, आणि त्यांना तुम्ही बाल्कनीतून ओळखणार पण नाही. ही गाडी दिसावी म्हणूनच फिरते. दिवा चालू ठेवायचा, हळू चालवायची, हे ड्रायव्हरच्या मनाचं नाही, गस्तीच्या गाड्यांना वरूनच तसं सांगितलेलं असतं. भुर्जीवाल्याला, दारू पिऊन कट्ट्यावर बसलेल्या पोरांना, एटीएमच्या वॉचमनला आणि हो, चोरालाही कळलं पाहिजे की आज इकडे कुणीतरी फिरतंय.

नावं म्हणाल तर जागेनुसार बदलतात. मुंबईत ठाण्याच्या गाडीला मोबाईल वन वगैरे म्हणतात, पीटर म्हणतात, पुण्यात सीआर मोबाईल, आणि दुचाकीवरचे ते बीट मार्शल. लोक सगळ्यालाच "पीसीआर व्हॅन" म्हणतात, चालतं. गाडीत ड्रायव्हर, एक हवालदार नाहीतर सहायक फौजदार, एखादा शिपाई. रात्रपाळीचा अधिकारी असतो पण तो प्रत्येक गाडीत नसतो, एका ठाण्याला रात्री फौजदार असून असून किती असणार.

आता तुमचा क्यूआर कोड. याच्या आधी पुस्तक असायचं. बँक, सराफाचं दुकान, देऊळ, पेट्रोल पंप अशा ठिकाणी एक वही टांगलेली, गस्तीवरच्या माणसाने जाऊन वेळ टाकून सही करायची. चांगली पद्धत होती पण माणूस शेवटी माणूस, थंडीच्या दिवसात काही बहाद्दर रात्री दहालाच फेरी मारून एक, दोन, तीन आणि चारच्या सह्या एकदम करून मोकळे व्हायचे. एकदा एका साहेबांनी अकरा वाजता वही उघडली तर त्यात पहाटे चारची सही! दुसऱ्या दिवशी परेडला जे काय झालं ते इथे लिहिता येणार नाही. आता स्कॅन केला की वेळ आणि जागा दोन्ही नोंदली जातात, घरी बसून होत नाही. म्हणून तो बिचारा टॉर्च दातात धरून भिजत होता. तेव्हा स्कॅन साहेबांसाठीच हो, पण त्यामुळे तो माणूस तुमच्या गेटपर्यंत येतो हे तरी खरं.

११२ चं असं आहे. तुम्ही फोन लावलात की तो तुमच्या ठाण्यात वाजत नाही. महाराष्ट्राचे सगळे कॉल नवी मुंबईच्या केंद्रात नाहीतर नागपूरच्या केंद्रात उचलले जातात. बऱ्याच लोकांचा इथेच गैरसमज होतो, पलीकडची मुलगी विचारते "कोणता जिल्हा?" आणि हे भडकतात की अहो पोलीस असून तुम्हाला आमचा चौक माहीत नाही? तिला कसा माहीत असणार, ती कदाचित नागपुरात बसलीय. फोनवरून जागा अंदाजे येते, बिनचूक येईलच असं नाही, म्हणून आधी शहर, भाग, जवळची ओळखीची खूण सांगायची आणि मग काय झालं ते. लोक उलटं करतात, भांडणाची आख्खी कुंडली आधी आणि पत्ता शेवटी, तोवर फोन कट.

तिथून कॉल तुमच्या शहराच्या कंट्रोलला येतो आणि जवळ जी गाडी किंवा मार्शलची बाईक असेल तिच्यातल्या टॅबवर पडतो, त्याला आम्ही एमडीटी म्हणायचो. गाडीतल्याने तो स्वीकारायचा, पोचल्यावर पोचलो म्हणून दाबायचं, आणि काम झालं की काय केलं ते भरायचं. गाडीला जीपीएस आहे त्यामुळे कोण कुठे उभा आहे हे कंट्रोलला स्क्रीनवर दिसतं. आमच्या उमेदीत "कुठे आहेस?" विचारलं की "सर, हद्दीतच आहे" हे एकच उत्तर होतं, हद्द म्हणजे बारा-पंधरा किलोमीटर!

तेव्हा हीच गाडी येईल किंवा येणार नाही. ती कुठे अडकलीय त्यावर आहे. आणि ती कुठे अडकते हे लोकांना दिसत नाही. एका रात्रीत काय काय असतं सांगतो, नवरा-बायकोचं भांडण (यात सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि अर्ध्या तासाने दोघं एक होऊन पोलिसांवर ओरडतात), हळदीचा डीजे दहाच्या पुढे चाललाय, रस्त्यावर कुणी पडलाय तो दारूने पडलाय की मेलाय ते बघायचं, अपघात, बेवारस मयत, घर विसरलेले आजोबा, रुग्णालयातून एमएलसीचा (मारहाण, अपघात अशा पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या रुग्णाचा) निरोप आला की जबाब घ्यायला माणूस पोचवायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आरोपीचं मेडिकल. एक आरोपी पकडला की त्याला सरकारी दवाखान्यात तपासायला न्यायचं, तिथे नंबर लागेपर्यंत दोन-अडीच तास गाडी आणि दोन माणसं तिथेच. तेवढा वेळ तुमच्या भागाला गाडीच नाही. चोर पकडला म्हणून चोरी व्हायला रस्ता मोकळा, हा विनोद आम्ही कंट्रोलला दर आठवड्याला करायचो.

एवढंच सांगतो की गाडीपेक्षा तिच्यातला बिनतारी संच महत्त्वाचा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी चोरलेल्या स्कोडामधून निघालेत हा निरोप बिनतारीवरून गेला होता, म्हणून गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवरचे डी. बी. मार्ग ठाण्याचे लोक त्या गाडीची वाट बघत उभे होते. तुकाराम ओंबळे त्याच नाकाबंदीवर होते. पुढचं सगळ्यांना माहीतच आहे.

तिरकस_तात्या (मंगळवार, दुपारी २:०५)

बिनतारीकाका, माहिती भारी, दंडवत. पण दोन गोष्टी विचारतोच. मंत्रीसाहेब गावात आले की आमच्या भागातल्या गाड्या कुठे गायब होतात? २०१७ च्या १ मेला मंत्र्यांचे लाल दिवे गेले पण त्यांच्या मागेपुढे धावणारे दिवे काही कमी झालेले दिसत नाहीत. आणि दुसरं, गाडीत बसलेल्या चौघांपैकी एकानेही सीटबेल्ट लावलेला मी आजवर बघितलेला नाही, तेच पुढच्या चौकात मला बेल्टची पावती देतात.

बिनतारी (मंगळवार, दुपारी २:३०)

बंदोबस्ताचं खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. सीटबेल्टचं "पटकन उतरता यावं म्हणून" असं सांगतात. माझ्या ओळखीचे दोन ड्रायव्हर याच कारणाने गेले. तुमची तक्रार बरोबर आहे.

जर्सीतला_जोश्या (मंगळवार, रात्री ९:१०)

मी न्यू जर्सीत असतो, मूळचा सांगलीचा. इकडचा एक किस्सा आधी सांगतो मग मुद्द्यावर येतो. नवीन नवीन आलो तेव्हा हायवेवर मागे निळे-लाल दिवे लागले, मी शहाण्यासारखी गाडी कडेला घेतली, आणि आपल्याकडच्या सवयीने लायसन हातात घेऊन खाली उतरून साहेबांकडे चालायला लागलो. माझं आपलं डोक्यात की आपण होऊन गेलं की बरं दिसतं, "साहेब साहेब" करता येतं. दोन पावलं टाकली नाहीत तोवर स्पीकरवरून असा ओरडला की लायसन हातातून पडलं. गाडीत बस, हात स्टिअरिंगवर ठेव! नंतर कळलं की इकडे उतरून पोलिसाकडे चालत जाणं म्हणजे हल्ला करायला जाणं. इथे बऱ्याचदा गाडीत एकटाच पोलीस असतो, लॅपटॉप शेजारी बसवलेला, गाडीच त्याचं ऑफिस, तुमची नंबर प्लेट टाकून तो उतरायच्या आधीच तुमची जन्मकुंडली वाचून झालेली असते. आपल्याकडे तिघं-चौघं असतात ते बरंय की वाईट माहीत नाही पण निदान एकजण तरी शांत डोक्याचा निघतो.

आता मुद्दा. रातकिडा, तुम्ही विचारलेला प्रश्न ("नुसतं फिरून काय होतं?") इकडे कॅन्सस सिटीत पन्नास वर्षांपूर्वी चक्क प्रयोग करून बघितला होता. ऑक्टोबर १९७२ ते सप्टेंबर १९७३. शहराच्या दक्षिण भागातल्या १५ बीट (गस्तीचे ठरलेले भाग) घेतल्या आणि त्यांचे तीन गट केले. एका गटात नेहमीसारखी गस्त, दुसऱ्यात दुप्पट-तिप्पट गाड्या, आणि तिसऱ्यात गस्त बंदच, फक्त कुणी फोन केला तरच गाडी जाणार. वर्षभराने आकडे काढले तर चोऱ्या-घरफोड्यांत म्हणण्यासारखा फरक नाही, लोकांच्या भीतीत फरक नाही, आणि गंमत म्हणजे गस्त वाढली काय नि थांबली काय, बहुतेक लोकांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

तिरकस_तात्या (मंगळवार, रात्री ९:२५)

म्हणजे सिद्ध झालं. डिझेल वाया.

जर्सीतला_जोश्या (मंगळवार, रात्री १०:००)

थांबा हो तात्या, पिक्चर अर्धाच बघितलात. एक तर तिसऱ्या गटातही फोन केल्यावर गाडी येतच होती, त्यामुळे "पोलीसच नकोत" असं त्यातून निघत नाही. आणि पुढे १९८८-८९ ला मिनियापोलिसमधे दुसरा प्रयोग झाला, त्यात गाड्या शहरभर भटकवण्यापेक्षा जिथून सारखे फोन येतात असे ११० कोपरे निवडले आणि त्यातल्या निम्म्या कोपऱ्यांवरच गस्त वाढवली. तिथे फरक पडला, फार मोठा नाही पण पडला. नंतर त्याच आकड्यांचा कीस काढून एकाने दाखवलं की गाडी नुसती समोरून गेली तर काही होत नाही, पण दहा-पंधरा मिनिटं एका जागी थांबली तर ती गेल्यावरही काही वेळ तिथे शांतता राहते, आणि पंधराच्या पुढे थांबण्यात विशेष फायदा नाही. आता रातकिड्याची पोस्ट परत वाचा, मेडिकलच्या कोपऱ्यावर पाच ते पंधरा मिनिटं! तुमच्या हवालदारांनी तो अभ्यास वाचला असेल असं मला वाटत नाही, पण चुकून का होईना बरोबर चाललंय.

फक्त एक घोळ दिसतो तो म्हणजे वेळ. रोज त्याच वेळेला आली तर पोरांना घड्याळच मिळालं की.

तिसरी_पाळी (बुधवार, दुपारी १२:४५)

मी रुग्णालयात लॅबला आहे, महिन्यातले दहा-बारा दिवस घरी यायला रात्रीचे बारा होतात. तुमची चर्चा छान चाललीय पण सगळी चोरीवरच चाललीय म्हणून लिहिते. माझ्यासाठी त्या लाल-निळ्या दिव्याचा अर्थ वेगळा आहे. हायवेच्या सर्व्हिस रोडला साधारण एक किलोमीटर काळोख आहे, एका बाजूला पत्रे ठोकलेली साईट, दुसऱ्या बाजूला झाडी. लांबून तो दिवा पत्र्यांवर हलताना दिसला की मी स्कूटरचा वेग कमी करते, नाही दिसला तर वाढवते, एवढं साधं गणित आहे. गाडीत कोण आहे, झोपलाय की जागाय, मला काही घेणं नाही.

११२ एकदाच लावलाय. रिक्षावाल्याने भलताच रस्ता धरला, विचारलं तर "इकडून जवळ पडतं". मी फोन लावला, जोरजोरात रिक्षाचा नंबर आणि रस्ता सांगितला, मधेच रेंज गेली आणि फोन कट. पण त्यांचा परत फोन आला, "मॅडम, आता कुठे आहात, मार्शल निघालेत" आणि मी फोन स्पीकरवर टाकला. रिक्षावाल्याने काही न बोलता पुढच्या वळणावर रिक्षा फिरवली. मार्शल आले साधारण दहा मिनिटांनी, तोवर मी माझ्या गेटवर पोचले होते. त्यांनी रिक्षावाल्याचं लायसन, बॅज बघितलं, फोटो काढला, समज दिली. आता मला सांगा, हे कुठल्या प्रयोगात मोजणार? गाडी यायच्या आधीच काम झालेलं होतं.

दुसरी बाजू पण सांगते नाहीतर तुम्ही म्हणाल नुसती आरती ओवाळतेय. एकदा मी आणि माझी मैत्रीण ड्युटी संपवून एक वाजता चहाच्या टपरीशी उभ्या होतो, गाडी थांबली आणि आतूनच "एवढ्या रात्री काय करताय इथे? घरच्यांना माहितीये का?" आमचं वय चाळीस! गळ्यात रुग्णालयाचं कार्ड. तोच प्रश्न शेजारी उभ्या असलेल्या चार पुरुषांना नाही विचारला. असं विचारायचा त्यांना अधिकार असतो का हो बिनतारीकाका?

बिनतारी (बुधवार, दुपारी ४:१०)

ताई, नाव-गाव विचारू शकतात, पण "घरच्यांना माहितीये का" हा काही कायद्यातला प्रश्न नाही, तो त्यांच्या डोक्यातला. महाराष्ट्र पोलीस कायद्यात कलम १२२ आहे, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात कुणी तोंड लपवून, घरफोडीचं सामान घेऊन, किंवा संशयास्पद अवस्थेत दडून बसलेला सापडला आणि समाधानकारक कारण सांगू शकला नाही तर कारवाई होते. चहा पिणं त्यात बसत नाही. आणि बाईमाणसाला सूर्यास्तानंतर ते सूर्योदयाच्या आत अटक करायची नाही हा नियम आहे, अगदीच अपवादाची वेळ असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. तेव्हा कुणी "चला गाडीत बसा" म्हणालं तर शांतपणे विचारायचं, कशासाठी, आणि नेमप्लेट वाचायची. नेमप्लेट वाचतोय हे समोरच्याला दिसलं की आवाज आपोआप खाली येतो, हा माझा खात्यातलाच अनुभव.

गावाकडचा_सच्या (बुधवार, रात्री ८:३०)

तुमची शहराची चैन वाचून मजा वाटली राव. दहा मिनिटात मार्शल म्हणे! आमच्याकडं ठाण्याला साठ-सत्तर गावं आणि रात्रीला फिरणारी गाडी एक, फार तर दीड, म्हणजे दुसरी असते पण तिचं काय ना काय निघालेलं असतं. ठाण्यापासनं आमची वस्ती अठ्ठावीस किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरनी उखडलेला. गाडी येईस्तोवर चोर पंढरपूरला जाऊन दर्शन घेऊन येईल.

म्हणून आमच्याकडं गस्त म्हणजे गाडी नाही, पोलीस पाटील आणि ग्रामसुरक्षेचा फोन. एका टोल फ्री नंबरला एकानं फोन करून बोललं की तेच बोलणं गावातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एकदम वाजतं. चोर शिरलेत म्हणलं की पाच मिनिटात दांडकी घेऊन शंभर माणूस बाहेर.

पण त्याचीच एक गोष्ट सांगतो. २०२४ च्या पावसाळ्यात ते ड्रोनचं खूळ आलं होतं आठवतंय का, रात्री आभाळात लाल दिवे दिसतात, ड्रोननं घरं हेरून चोऱ्या करतात म्हणून निम्मा मराठवाडा नि पुणे जिल्हा जागा होता. आमच्याकडं पण पोरं रात्रभर रस्त्यावर. एका रात्री साडेबाराला दोन परप्रांती ब्लँकेट विकणारे मोटरसायकलवरनं चाललेले, गाडी पंक्चर झाली म्हणून ढकलत होते, ते पोरांच्या तावडीत सापडले. गठुड्यात काय आहे म्हणून गठुडं फेकलं, मग एकानं मारली, मग सगळ्यांनी. मी तिथंच होतो. मी मारलं नाही पण थांबवलं पण नाही, खोटं कशाला बोलू. पाटलांनी ११२ लावला. नशीब एवढं चांगलं की गाडी त्या दिवशी शेजारच्याच गावात आलेली. दिवा दिसला तशी मागची पोरं पांगली. गाडीत फक्त तिघं होते, एक हवालदार, एक शिपाई, एक ड्रायव्हर, आणि समोर दोन-अडीचशे माणूस. तो हवालदार खाली उतरला, काठी पण घेतली नाही हातात, सरळ घोळक्यात शिरला आणि म्हणाला, "चोर पकडला ना? शाब्बास. आता माझ्या ताब्यात द्या, माझी केस आहे." ओरडला नाही, काही नाही. दोघांना मागच्या सीटवर घातलं, एकाच्या डोक्यातनं रक्त येत होतं त्याला स्वतःचा रुमाल दिला, आणि गेली गाडी. सगळं मिळून चार मिनिटं. दुसऱ्या दिवशी कळलं की दोघांकडं कागदपत्रं होती, तालुक्याच्या गावी खोली होती, सगळं साफ.

मोटरसायकल तशीच पडून होती रस्त्यात. आम्हीच पंक्चर काढून ठाण्यात नेऊन दिली. त्या दिवसापासनं मी गाडीला नावं ठेवत नाही, उशीर झाला तरी.

तिरकस_तात्या (बुधवार, रात्री ९:००)

यावर आपल्याकडे तिरकस काही नाही.

बिनतारी (गुरुवार, सकाळी १०:२०)

सच्या, त्या हवालदाराला माझा सलाम सांगा कधी भेटला तर. "माझी केस आहे" हे वाक्य कुठल्या ट्रेनिंगला शिकवत नाहीत.

रातकिडा, तुमच्या मूळ प्रश्नावर येतो. दोन बॅटऱ्या आणि एक स्कूटर म्हणालात. स्कूटरची तक्रार दिली असेलच, विम्याला लागते. बॅटऱ्यांची दिलीत का? नसेल दिली, कुणीच देत नाही, तीन हजाराच्या बॅटरीसाठी अर्धा दिवस कोण घालवणार. पण ठाण्याच्या नकाशावर तुमची गल्ली मग कोरी राहते. गस्त कुठे वाढवायची, स्टिकर कुठे लावायचं, हे नोंदलेल्या गुन्ह्यांवरून आणि ११२ च्या कॉलवरून ठरतं. तुमच्याकडे फुटेज आहे त्यात वेळ आहे, ती लेखी द्या सोसायटीच्या लेटरहेडवर, पोच घ्या. आणि रात्री गाडी आली की खाली जाऊन बोला की माणसाशी. बाल्कनीतून किती दिवस बघणार?

रातकिडा (दोन आठवड्यांनी, शनिवार, पहाटे ३:२०)

अपडेट द्यायला आलो. बिनतारीकाकांनी शेवटची जी चापट मारली ती लागली, त्याच रात्री खाली गेलो. हवालदार साधारण पन्नाशीचे, मफलर, चष्मा दोरीने गळ्यात. मी म्हणलं साहेब, रोज बघतो तुम्हाला, या मेडिकलपाशीच का थांबता? त्यांनी काही न बोलता वर बोट दाखवलं. खांबावरचा दिवा बंद. म्हणाले, "तीन महिने झाले. दिवा असता तर आम्ही इथे कशाला थांबलो असतो? उजेड आम्ही घेऊन येतो आमचा." आणि टपावरच्या त्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघून स्वतःच हसले. मी याच घरात दोन वर्षं राहतोय, रोज रात्री त्याच कोपऱ्याकडे बघतोय, आणि खांबावरचा दिवा बंद आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं.

बॅटऱ्यांचं विचारलं तर त्यांचा पहिला प्रश्न तोच, "तक्रार दिलीत?" मग दिली. अडीच तास गेले, पण ज्या मॅडम होत्या त्यांनी फुटेज नीट बघून घेतलं, पेन ड्राईव्हवर मागून घेतलं. पोरं अजून सापडलेली नाहीत. गाडी मात्र आता वेळ बदलून येते, कधी एकला, कधी सव्वातीनला, परवा तर एका रात्रीत दोनदा आली आणि मीच दचकलो.

आणि महापालिकेच्या अ‍ॅपवर दिव्याची तक्रार टाकली. चार दिवसात माणूस शिडी घेऊन आला, दिवा लागला, पांढराफटक उजेड. गंमत म्हणजे त्या दिवसापासून गाडी आमच्या कोपऱ्यावर थांबतच नाही. हवालदारसाहेब स्कॅन करतात, हात करतात आणि पुढे जातात. आता मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीपाशी थांबतात. तिथला खांब बघून आलो, तिथला दिवा बंद आहे.

तिरकस_तात्या (शनिवार, सकाळी ७:५५)

पिठाची गिरणी? समोर गुलमोहर, शेजारी बंद पडलेला जिम? अहो रातकिडे, ती माझी गल्ली आहे, माझी बाईक तिथेच लागते. त्या दिव्याची तक्रार कृपया कुणी करू नका.